आप्पांचा पटका आणि मी एक तज्ज्ञ

डोक्याला कापड गुंडाळण्याच्या बाबतीत आमच्या सगळ्या भावकीत माझ्याइतका जाणकार कोणी नाही, असा समज परवापरवापर्यंत होता. तो पसरवणाराही मीच होतो.

आखातातल्या एका बांधकामावर मी अकरा वर्षं स्टोअरकीपर होतो. पहिल्याच आठवड्यात वाळूचं वारं सुटलं, तेव्हा सगळ्यांसारखा मीही बाजारातून लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शेमाघ आणला. आपण उचगावच्या शेतकऱ्याचं पोर, बाप रोज पटका बांधणारा, आपल्याला हे एवढंसं चौकोनी कापड काय जड आहे, अशा घमेंडीत तो डोक्याला गुंडाळला. उजवा डोळा झाकला गेला आणि मी सरळ सिमेंटच्या पोत्यांवर जाऊन आदळलो. आमचा फोरमन येमेनचा होता. त्याने न हसता माझं डोकं कलिंगड धरावं तसं दोन्ही हातांत धरलं. कापडाची तिरकी घडी घालून त्रिकोण केला, लांब कड कपाळावर टेकवली, एक टोक आखूड ठेवलं, दुसरं हनुवटीखालून तोंडावर घेऊन मागे खोचलं. मिनिटभराचं काम. मला ते जमायला दोन महिने लागले, पण ही गोष्ट मी गावाकडे कधी सांगितली नाही.

गावाकडे सांगितलं ते वेगळंच. रजेवर आलो की मी बेळगावहून उचगावपर्यंत मोटारसायकलवर शेमाघ बांधून यायचो, नुसते डोळे उघडे. एकदा आमच्या चुलतीनं मला कन्नडमधून विचारलं, कुणाच्या घरी जायचंय म्हणून. मीही ऐटीत कन्नडमधूनच माझ्याच बापाचं नाव सांगितलं. तिनं घर दाखवलं. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांचे टॉवेल मागून घेऊन मी ओमानी माणूस कसं बांधतो, सुदानी कसं बांधतो हे करून दाखवायचो. लोक जेवायचं थांबायचे. निदान मला तरी तसं वाटायचं.

आप्पांनी पहिल्यांदा माझा शेमाघ हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हॉटेलातल्या टेबलावरचं काढून आणलंस व्हय रं?"

आप्पांचा पटका पांढरा. लांबी एवढी, की सोप्यात उलगडला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरून वर उरावा. रोज सकाळी गोठ्यातलं आवरून हातपाय धुतले, की ते सोप्याच्या मधोमध उभे राहून तो बांधायचे. आरसा लागायचा नाही. मी अंथरुणातून अर्धवट डोळ्यांनी बघायचो. आप्पांचे हात डोक्याभोवती फिरतायत, कापडाला पीळ पडतोय, आणि आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. मला वाटायचं, ती नवऱ्याकडे कौतुकानं बघत उभी राहते. एवढ्या वर्षांत मला त्या दृश्यात दुसरं काही दिसलं नाही.

मी नोकरी सोडून परत आलो, बेळगावात एका गोदामात लागलो आणि मुलीच्या शाळेसाठी कॅम्पात भाड्यानं राहू लागलो. पुढे वर्षभरात आई गेली. आप्पांनी पटका ट्रंकेत ठेवला आणि टोपी घालायला लागले. शेजारी चुलतभावाचं घर, तिथून त्यांना जेवणाचा डबा येई. मी दर दोन दिवसांनी फोन करून गुडघे कसे आहेत, गोळ्या घेता का, एवढं विचारत असे. टोपीचं मला बरंच वाटलं. म्हातारा सुटसुटीत झाला, असं मी चारचौघांत म्हणालोसुद्धा.

पण आप्पा हळूहळू कुठे जाईनासे झाले. बारसं असलं तर गुडघा दुखायचा, वास्तुशांत असली तर म्हैस व्यायला झालेली असायची. त्या म्हशीच्या दिवसांचा हिशेब कधी लागलाच नाही. मग बोरगावला दिलेल्या माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. थोरली नात, आईच्या हातावर वाढलेली. आप्पांनी सांगून टाकलं, "तुम्ही जाऊन या. जोडी पाया पडायला आली की बघतो पोरीला."

बहिणीचा मला फोन आला. ती रडत नव्हती, भांडत होती. "अण्णा, आई न्हाय. आता आप्पाबी न्हाईत म्हटल्यावर माझ्या पोरीच्या मागं माहेरचं कोण उभं राहणार? तू एवढा शाणा हाईस न्हवं, त्यास्नी घेऊन ये. न्हाय आणलास तर तूबी येऊ नकोस."

मी उचगावला गेलो आणि खोदून खोदून विचारलं. आप्पा शेवटी म्हणाले, "नातीच्या अक्षतेला टोपी घालून जाऊ?"

"मग पटका बांधा की. इसरलाय काय?"

"इसरतंय कुठलं."

"मग?"

त्यावर ते म्हशीला वैरण टाकायला उठून गेले. बांधायचं विसरलेत पण कबूल करायला लाजतात, हे माझ्या लगेच लक्षात आलं. अशा गोष्टी माझ्या फार लगेच लक्षात येतात. आता हे माझ्याच खात्यातलं काम होतं.

पहिला उपाय म्हणून खडेबाजारातून तयार फेटा आणला, आतून शिवलेला, टोपीसारखा नुसता डोक्यावर ठेवायचा. माप दिलं ते माझ्या डोक्याचं. आप्पांनी तो चढवला तर कानांवरून खाली उतरून भुवयांवर बसला. आत बसूनच ते म्हणाले, "माझं डोस्कं एवढं मोठं न्हाय रं. तुझं आसंल." फेटा आजही माझ्या कपाटात आहे. मला बरोबर बसतो.

दुसरा उपाय सुचवला, कार्यालयाच्या दारात फेटे बांधणारा बसतो, तो बांधेल. आप्पांनी मान हलवली. जन्मात आपल्या पटक्याला बाहेरच्याचा हात लागला नाही, आता परक्या माणसापुढे मान वाकवून बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तेव्हा मी शेवटचा उपाय जाहीर केला. लग्नाच्या दिवशी सकाळी मी स्वतः बांधीन. अकरा वर्षांचा अनुभव आहे. बहिणीलाही कळवून टाकलं, काळजी करू नको, आप्पा येणार. पोराचा हात परका नाही म्हणून असेल, आप्पा नाही म्हणाले नाहीत.

बायको आणि मुलगी आदल्या दिवशीच बोरगावला गेल्या होत्या. मी भाड्याची गाडी घेऊन सकाळी सातला उचगावला पोचलो. बारा-साडेबाराच्या अक्षता, आठला तरी निघायला हवं होतं. आप्पा नवं धोतर नेसून खुर्चीत बसले होते, मांडीवर पटका. मी अंगातला कोट काढून ठेवला, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागलो.

चौकोनी कापडाची तिरकी घडी होते. चिंचोळ्या, लांबलचक कापडाची होत नाही. हे कुणालाही बघितल्याबरोबर कळलं असतं. मला अर्ध्या तासानं कळलं. पहिल्या खेपेला पटका आप्पांच्या हनुवटीखालून गेला आणि ते दाढ दुखणाऱ्या माणसासारखे दिसू लागले. दुसऱ्या खेपेला सगळा भार एका कानावर आला. तिसऱ्या खेपेला बरं जमलंय असं वाटून मी दोन पावलं मागे सरलो, तेवढ्यात आप्पांना शिंक आली आणि सगळं गळ्यात उतरलं. मी तोंडानं अखंड बोलत होतो. कापड जुनं झालंय, याला कांजी हवी होती, तुम्ही मान हलवता. आप्पा डोळे मिटून बसून होते. त्यांच्या कपाळावर माझ्या अंगठ्याचा लाल वळ उठला होता. तो बघितला आणि माझी वटवट बंद झाली. मला माझीच लाज वाटली. साडेआठ वाजले होते.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "तू जा. पोरीला माझा आशीर्वाद सांग."

बहिणीला काय तोंड दाखवायचं या विचारात मी पटका गोळा करायला लागलो. एवढं लांब कापड एकट्यानं घडी होत नाही. म्हणून एक टोक आप्पांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन मागे मागे सरत गेलो. माझी टाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागली. कापड ताणलं गेलं.

आप्पा उभे राहिले. घडी घालायची सोडून त्यांनी हातातलं टोक डोक्यावर नेलं, कपाळाच्या बाजूला दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने कापडाला पीळ दिला. एक वेढा पडला. मग दुसरा. मी बावळटासारखा टोक धरून उभा होतो.

"ढील देऊ नगंस," ते म्हणाले. "ताणून धर आणि म्होरं सरत ये."

मी पुढे सरकलो. एका वेढ्याला एक पाऊल. आईला मी याच उंबऱ्यात हजारदा बघितलं होतं आणि तिच्या हातात काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. आप्पा पटका एकटे बांधत नव्हतेच. आणि ती गेल्यावर हा माणूस दीड वर्ष घरात बसून राहिला, कारण टोक धर म्हणून सांगायचं कुणाला? चुलतभावाच्या सुनांना सांगणं त्यांना बरं दिसलं नसतं, आणि मी फोनवर गोळ्यांची चौकशी करत होतो.

मी बोलायला तोंड उघडलं. "आप्पा, तुम्ही मला सांगायचं तरी—"

"गप ऱ्हा. तुझी आई बांधताना बोलायची न्हाय."

शेवटचा वेढा पडला तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. मोठा झाल्यापासून त्यांच्या डोळ्यांत मी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून टोक घेतलं, खोचलं, शेमला पाठीवर सोडला. मग हात खाली घेऊन ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. ते कशाची तरी वाट बघतायत एवढं कळत होतं, पण कशाची ते कळेना. शेवटी त्यांनीच विचारलं.

"बराबर हाय काय?"

ओमानी, सुदानी, येमेनी, सगळ्यांच्या डोक्यांवर मत असलेल्या मी नुसती मान हलवली.

"ती बोटभर डावीकडं सरकवायची," आप्पा म्हणाले.

मी हात वर करून पटका बोटभर डावीकडे सरकवला.

बोरगावला आम्ही पोचलो तेव्हा अक्षता वाटून झाल्या होत्या. फेटेवाल्यानं कार्यालयाच्या दारातच आप्पांकडे बघून विचारलं, कुणी बांधलाय. आप्पांनी माझ्याकडे अंगठा केला. मी आयुष्यात पहिल्यांदाच या विषयावर काही बोललो नाही. बहीण मांडवातून आली, आप्पांच्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भर गर्दीत पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला सगळं ठाऊक होतं काय, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. व्हय म्हणाली तर काय करू?

लग्नानंतर चार दिवसांनी सकाळी आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरलो. "आप्पा, बरं हाय न्हवं? गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीया," ते म्हणाले. "बेळगावच्या बाजाराला यावं म्हणत हुतो."

"मग या की. बस सुटंल आता."

"बाजाराला टोपी घालून येऊ?" मी बूट घातले, गोदामात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि मोटारसायकल काढली. वाऱ्याला गारवा होता, तरी शेमाघ खुंटीवरच राहू दिला. आप्पा सोप्याच्या मधोमध उभे होते, पटका हातात. मी चुपचाप जाऊन उंबऱ्यात उभा राहिलो.