घागरीवरची मंजुळा

आमच्या वंशावळीत पुरुषांची नावं पणजोबांच्या आजोबांपर्यंत होती. आजीच्या जागी मात्र नुसतं ‘सरस्वती’, आणि तेही सासरी ठेवलेलं. लग्नाआधी तिला काय म्हणत, हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. ती गेली तेव्हा ते रांगत होते. साठच्या दशकातली गोष्ट. मी नवाच मास्तर झालो होतो. नाताळच्या सुटीत ते नाव शोधायला पुण्याहून शिरूरची एसटी धरली.

आज त्या रस्त्यानं निघालात तर सणसवाडी, रांजणगावला कंपन्यांच्या बसांमागे अडकाल. तेव्हा दोन्ही अंगाला ज्वारी डोलत होती. मी खिडकीशी बसून शाळेतल्या कविता पुटपुटत होतो. शेजारच्या सीटवरचे एक म्हातारे आप्पा शेवटी म्हणाले, “मास्तर, रांजणगावचा गणपती अजून लांब हाय. आरती आत्ताच संपवू नका.”

शिरूरच्या स्टँडवर गरम भजी आणि गुळाचा चहा घेतला. स्वस्तात पोट भरलं. दुसऱ्या एसटीनं न्हावरे गाठलं तेव्हा आत्या अंगणात कांदे निवडत होती. माझी ही थोरली आत्या म्हणजे आता शेवटचा आधार. तिला आजीचं नाव विचारलं.

“म्या तवा एवढीशी. माहेर उरळगावचं हुतं, येवढंच ठावं. पटकीत समदी गेली तिकडं.”

मी हिरमुसलो. तेवढ्यात तिचा मुलगा विठू म्हणाला, “उरळगाव? काल दौंडला मोडीत घातली त्या घागरीवर उरळगावच लिव्हलं हुतं. पर ती आपली न्हवती. कुण्या मंजुळेची. लग्नाकार्यात भांडी अदलाबदल हुत्यात, तवा आली असंल.”

आत्याच्या हातातला कांदा तसाच राहिला. तिला अक्षर येत नव्हतं. “माळ्यावरची का रं?”

“व्हय. पोरीच्या लग्नाला स्टीलची ताटं नकोत का?”

“आरं येड्या, ती माझ्या आईची. लग्नात माझ्यासंगं हितं आल्याली.”

लग्नात बाप लेकीला भांडं देई, त्यावर तिचं माहेरचं नाव ठोकून. सासरी नाव बदलायचं, भांड्यावरचं तसंच राहायचं. म्हणून विठूला ती घागर परक्या बाईची वाटली.

सकाळी मिळेल त्या गाडीनं भीमा ओलांडून दौंडला निघालो. आत्याही आली, कडेवर स्वतःची घागर घेऊन. भांड्याच्या दुकानात अमीनचाचा बसले होते. मोडीचा ढीग अजून दारातच होता, पण भट्टीची बैलगाडी भरायला लागली होती. विठू ढिगात शिरला. मी धोतराच्या सोग्यानं घागर घासली. टिंबाटिंबांची अक्षरं उजळली आणि मी वर्गात कविता म्हणावी तसं मोठ्यानं म्हणालो, “चि. सौ. कां. मंजुळा म्हस्कू, मु. उरळगाव.”

आत्या हळूच म्हणाली, “मंजुळा.” मग आपली घागर चाचांपुढं ठेवली. “ही घ्या, ती द्या.”

“आक्का, हिच्यावर तुमचं नाव हाय की.”

“माझं नाव सांगाया पोरं हायेत. तिला कोन हाय?”

चाचांनी दोन्ही घागरी तोलल्या आणि छिन्नी-हातोडी काढली. “मग तुमचं बी हिच्यावरच घालू. आईच्या खाली. नाव घालायचे पैशे घेत न्हाई, पर विठूशेठ, पुढच्या टायमाला वाचून मोडीत घाला.”

“वाचलं हुतं म्हणून तर घातली,” विठू म्हणाला. आत्या पोट धरून हसली.

स्टेशनावर तिनं घागर माझ्या हाती दिली. “पुण्याला ने. तुज्याकडं वाचनारी मान्सं हायेत.” पॅसेंजरमध्ये इंजिनाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. घागर मांडीवर घेऊन, जिंकलेला किल्ला नेत असल्यासारखा मी घरी आलो. वडिलांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईला नावानं हाक मारली.

त्यानंतर घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलीचं नाव त्या घागरीवर आलं. परवा माझी पणती चिंच लावून घागर घासत होती. वरपासून खालपर्यंत सगळी नावं एका दमात म्हणाली. माझी याहून आवडती कविता नाही. मग तिनं विचारलं, “पणजोबा, माझ्याखाली जागा आहे का?”

मी हात फिरवून पाहिला. घागर चांगली मोठी आहे.