सोवळ्याची तार

भित्रेपणात मी लहानपणापासून नावाजलेली. अमरावतीला माहेरी वीज आली तेव्हा भावंडं दिवसभर बटन खालीवर करत होती आणि मी आईचा पदर धरून त्यांच्यावर ओरडत होते. लग्न होऊन अकोल्याला आले, तर सासरी मोटर चालवायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात पडलं.

सासरचं घर खोलगट जागेत होतं. घराखाली तळघर, आणि तळघरात वर्षाची ज्वारी-तूर. आमची काळी जमीन पाऊस पिते, पिते, आणि पोट भरलं की भिंतींतून तळघरात सोडून देते. दर श्रावणात आम्ही सासू-सुना बादल्यांनी पाणी उपसायचो. एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर यांच्या मनानं घेतलं की आता मोटर बसवायची. हे शाळेत मास्तर. दिवसभर घरी नसायचे, त्यामुळे ठरवलं यांनी आणि शिकावं लागलं मला.

मिस्तरी म्हातारा होता, पण कामाला चोख. तळघराच्या कोपऱ्यात त्यानं पाणी गोळा होण्यासाठी खड्डा खणला, शेजारी सिमेंटचा उंच ओटा करून त्यावर पंप आणि मोटर बसवली. बटन वर, स्वयंपाकघरातल्या कोरड्या भिंतीवर. मग मोटरीच्या अंगाला एक जाड लोखंडी तार बांधून ती खिडकीतून बाहेर काढली, मागच्या पडवीतून उंचावरून नेली आणि न्हाणीजवळ मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात पुरली.

"बाई, सगळ्यात मोठी ही तार," तो मला म्हणाला. "मोटरीत काई बिघडलं तं करंट हिच्यातून जमिनीत जाते, माणसात नाई जात. बटन दाबाच्या आधी हिचे दोन्ही टोकं पाहत जा. पाय कोरडे पाह्यजे, लाकडी पाटावर उभं राहाचं. अन् कोणी चिकटला तं त्याले धराचं नाई. पयले बटन बंद." मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिले कोणी हात लावाचा नाई!"

सासूबाईंनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं घेतलं. त्यांचं सोवळं कडक. नैवेद्याचा स्वयंपाक त्या ज्या लुगड्यात करत, ते वाळत असताना कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. आता घरात आयती एक तार आली होती, पडवीत, पावसाआड, आणि तिला कुणीच शिवणार नव्हतं. चौथ्या दिवशी पाहते तर तारेवर नऊवारी लुगडं! काठीनं वर चढवून त्या समाधानानं बघत उभ्या होत्या.

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे हसले. "अगं, त्या तारेत करंट नसतो, मिस्तरीच म्हणाला ना! काहून एवढी भेतं?" सून मी, काय बोलणार? पण एक मात्र झालं. तारेचं न्हाणीकडचं टोक लुगड्याच्या पलीकडे गेलं. तिथं जाऊन वाकून बघायचं तर माझा स्पर्श होणार, आणि मग बोलणी खावी लागणार. मी त्या टोकाकडे जाणंच सोडलं. तळघरातलं टोक मात्र रोज तपासायची. निम्मं काम करून पूर्ण काम केल्यासारखं स्वतःला समजवायची. याची मला अजून लाज वाटते.

भादव्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तळघरात घोट्याएवढं पाणी होतं आणि ओट्यावरची मोटरसुद्धा ओलसर दिसत होती. वाट पाहिली असती तर ज्वारी भिजली असती. मी वर आले, पाय पुसले, पाटावर उभी राहिले, नेहमीसारखे डोळे मिटले आणि बटन दाबलं. मोटर घरघरली. पंपाचं पाणी मागच्या अंगणात पडतं का ते बघायला पडवीच्या दारात गेले.

तार खाली लोंबत होती. ओल्या लुगड्यांच्या ओझ्यानं खड्ड्यातलं टोक उपटून आलं होतं. मोटरीतून करंट सुटला तर तो आता जमिनीत जाणार नव्हता, तारेतच राहणार होता. लुगड्याचा काठ फरशीला टेकायच्या बेतात होता आणि सासूबाई अंघोळ करून, ओलेत्यानं, ओल्या फरशीवर अनवाणी त्याच्याकडे चालल्या होत्या. तार हाताला येत होती, त्यामुळे काठीची गरजच नव्हती. त्यांनी हात वर केला.

"आत्याबाई!" मी ओरडले असेन. पावसात ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्या माझ्यापासून चार पावलांवर होत्या. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पळाले.

बटन बंद झालं. घरघर थांबली. भिंत धरधरून परत आले. त्या फरशीवर पडल्या होत्या. लुगडं अंगावर, डोळे उघडे, ओठ पांढरे. मी बाजूला बसले, पण हात लावायचं धाडस होईना. मग त्यांनी श्वास घेतला, आणि मी मोठ्यानं रडायला लागले.

तळहाताची कातडी जळली होती. तेवढ्यावर निभावलं. मिस्तरी येऊन यांना नको नको ते बोलला, तार नव्यानं पुरली, भिंतीला धरून नेली. सासूबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या, "सुनेनं वाचवलं मले. पयले बटन बंद केलं, मंग धावली." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या आणि मला त्यांची नजर सोसवत नसे. मला आठवत होते ते फक्त दोन क्षण. पाठ फिरवल्याचा, आणि बटनावर माझा हात असल्याचा. मधलं काहीच नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी त्यांच्या तळहाताला लोणी लावत होते. घरात दोघीच होतो. त्या एकदम म्हणाल्या, "तुले बटन आठवलं होतं, का भेव वाटून पळाली?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

"मी पाह्यलं तुले पळताना," त्या म्हणाल्या. "वाटलं, एकटी टाकून गेली." मग हात मागे घेत, "लोकायले मी सांगतो तेच सांगत जा. तुलेबी बरं, मलेबी बरं."