बसल्या कोंबडीच्या खुराड्याला चुना

१२ ऑक्टोबर, रविवार. खुराड्याला आतून चुना मारायचा.

काम साधं होतं, वेळ वाईट होती. आत कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि पिल्लं निघायला चार-पाच दिवस राहिलेले. अशा कोंबडीला कुणी उठवत नाही, हे मला माहीत आहे. पिसवांना माहीत नव्हतं. खुराड्यात हात घातला की पिसवा कोपरापर्यंत चढायच्या. कोंबडी सारखी उठून पंखाखाली चोच मारत होती. एकदा कंटाळून बाहेर पडली असती तर परत बसली नसती.

अंडी माझी असती तर मी फार विचार केला नसता. ती होती शेजारी राहणाऱ्या थोरल्या जावेची. त्यांच्या सगळ्या कोंबड्या उन्हाळ्यात मुंगसाने संपवल्या. राजूरकडच्या, त्यांच्या माहेरच्या जातीच्या होत्या. उंच पायांच्या आणि भांडखोर. ती जात आता माहेरीही एकाच घरात उरली आहे. तिथून त्या एसटीत मांडीवर डबा धरून अंडी घेऊन आल्या आणि माझ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. अर्धलीचा व्यवहार: कोंबडी माझी, अंडी त्यांची, पिल्लं निम्मी-निम्मी.

चुन्याची बादली बघून त्या कुंपणापलीकडूनच ओरडल्या, "बसल्या कोंबडीला उठवू राह्यली का तू?"

"बाई, मी न्हाई उठवलं तर पिसवा उठवतेत."

"तुला काय होतंय? तुझी कोंबडी अजून एकदा बसंल. मी अंडी कुठून आणू?"

"मंग या आणि राखणीला बसा."

कोंबडी आणि अंडी मी भुसकट घातलेल्या टोपलीत ठेवली, टोपली ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली आणि वरून कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलं. अंधार असला की कोंबडी गप्प बसते. बाईंना सांगितलं, "डालं उचलायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"मला शिकवती? लग्न होऊन आल्ती तवा कोंबडी पायाला धरायची का मानंला, हे बी तुला माहीत नव्हतं."

आमचं खुराडं विटांचं, वर पत्रा, आणि दार असं की माणूस कमरेपर्यंतच आत जातो. डोक्याला फडकं गुंडाळून मी आत शिरले, जुनं भुसकट काढलं, भिंती खरवडल्या आणि कुंचा फिरवायला लागले. रविवार असल्यामुळे नवरा घरी होता. तो बादलीत नीळ टाकायला आला.

"नुसता पांढरा दवाखान्यावानी दिसंल."

"कोंबड्या काही तक्रार करायच्या न्हाईत. पुडी ठेवा तिकडं."

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी विचारलं, "वैनी न्हाईत का घरी?"

"हायेत की," नवरा म्हणाला. "निम्म्या हायेत."

मी आतूनच काय म्हणायचं ते म्हणाले. ते लिहिण्यासारखं नाही.

तिन्ही भिंती होत आल्या होत्या. इकडे बाईंना राहवेना. कोंबडी बसलीय की मेलीय हे बघायला त्यांनी डालं जरासं उचललं. मग पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा उचलल्यावर कोंबडी बाहेर पडली, अंगण ओलांडलं, आणि माझ्या कमरेच्या आणि चौकटीच्या मधून खुराड्यात घुसली. सरळ आपल्या जुन्या कोपऱ्यात गेली आणि खाली सांडलेल्या ओल्या चुन्यात, काहीही नसताना, अंग फुगवून बसली. मी तिला ढकललं. तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला आणि पुन्हा तिथेच बसली. तिला अंडी नको होती, कोपरा हवा होता.

"माझी अंडी गार पडू राह्यली!" बाहेर बाईंचा आरडाओरडा सुरू झाला.

मी बाहेर येऊन पाहिलं तर बाईंनी सगळी अंडी पदरात घेतली होती, पोटाशी धरली होती, आणि उन्हात उकिडव्या बसल्या होत्या. चेहरा थेट कोंबडीसारखा. हसायची सोय नव्हती.

पलीकडून थोरल्या दिरांचा आवाज आला, "जेवायला वाढती का?"

"पातेल्यात हाय, घ्या हातानं! मी बसलेय."

"कशावर?"

"अंड्यावर!"

दीर कुंपणापाशी आले, बघितलं, आणि परत घरात गेले. पुढच्याच मिनिटाला पातेल्याचं झाकण वाजलं.

कोंबडी हलणार नाही, तर अंडी तिच्याकडे न्यायची, एवढंच उरलं होतं. मी चुलीतली थंड राख आणून ओल्या जमिनीवर पसरली, वर बारदाना, त्यावर नवं भुसकट. कोंबडीला बगलेत दाबून हे सगळं एका हातानं केलं. बाई एकेक अंडं गालाला लावून मला देत होत्या. शेवटचं देताना आवाज उतरला होता.

"गार पडली असतील का गं?"

"उद्या पाण्यात सोडून बघू."

"अन् न्हाई हालली तर?"

मी कोंबडी सोडली, ती अंड्यांवर बसली. पोटाखालून पांढरी, वरून तांबडी. तिच्या पाठीमागची हातभर भिंत तशीच राहिली. तिथे ती कुंचा येऊ देईना.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई दारात. बाकीच्या कोंबड्या मी बाहेर सोडल्या. बसलेली कोंबडी ज्वारी खायला उतरली तशी घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि अंडी अलगद सोडली. आत जीव असला की तरंगणारं अंडं आपोआप डुलतं. आम्ही दोघी घमेल्यावर वाकलो. पाणी संथ झालं, अंडी गप्प. बाईंनी माझा दंड धरला. मग एक अंडं हललं. बाजूचं हललं. बघता बघता दोन सोडून सगळी हलायला लागली.

बाईंनी दंड सोडला. "ते दोन गप हायेत ना, ते तुझ्या वाट्याचे."

मी अंडी पुसून कोपऱ्यात ठेवली, कोंबडी खाऊन पिऊन आत गेल्यावर दार लावलं आणि घरातलं कुलूप आणून दाराला घातलं.

"दिवसाढवळ्या कुलूप? मुंगसाला भेती का?"

"न्हाई, तुम्हाला."

किल्ली पदराला बांधून मी कापूस वेचायला निघून गेले.