चुकवलेल्या दोन तपासण्या

जयंती मेश्राम लग्न होऊन वर्ध्याहून निघाली, ती नवऱ्याच्या बदल्यांमागे गावं बदलत शेवटी जयपूरला येऊन टेकली. नवरा उमाकांत रेल्वेत सिग्नल दुरुस्तीच्या कामावर होता. खातीपुऱ्याजवळ क्वार्टर मिळालं. मुलगी मयूरी याच शहरात वाढली, त्यामुळे दोन वाक्यांमागे एक 'मतलब' घातल्याशिवाय तिचं मराठी पुढे सरकत नसे.

उमाकांत अंगानं दणकट होता. साधी सर्दी झाली तरी त्याला तो अपमान वाटे. एका वर्षी चौदा एप्रिलला रेल्वेतल्या मराठी मंडळींनी रक्तदान शिबिर भरवलं, त्यात तो पहिला जाऊन झोपला. पुढच्या आठवड्यात रक्तपेढीतून फोन आला, की तुमचं रक्त चालणार नाही. हिपॅटायटिस बी निघाला होता. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जयंतीचं साफ निघालं, मयूरीच्या रक्तात मात्र तोच विषाणू सापडला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कधी कधी आतल्या आत यकृतात कॅन्सरची गाठ धरते. ती लहान असेपर्यंत दुखत नाही, भूक मरत नाही, माणसाला पत्ता लागत नाही. तेव्हा ती दिसते फक्त सोनोग्राफीत. रोज गोळी घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. मुलगी अजून लहान आहे, तिचं पुढे बघू.

"दुखून नाही राहिलं, खुपून नाही राहिलं, अन् फोटो काढत बसा," उमाकांत कुरकुरायचा.

जयंतीनं ते कधी ऐकून घेतलं नाही. वेळ आली की ती त्याला उपाशीपोटी मालवीय नगरच्या सेंटरवर घेऊन जाई आणि त्याच्याबरोबर आत उभी राही. तिथल्या डॉक्टर अलका शर्मा बोलक्या होत्या. पोटावर तो थंडगार जेल लावता लावता वर्ध्यात उन्हाळा किती असतो, मुलगी काय शिकते, सगळं विचारत. मध्येच म्हणत, "सांस रोकिए." उमाकांत श्वास धरून छताकडे बघत राही. "सब ठीक है," असं त्या म्हणाल्या की जयंती निर्धास्त होई, ती पुढच्या सहा महिन्यांपुरती.

अशी काही वर्षं गेली. मयूरीला मालवीय नगरातल्याच एका कंपनीत नोकरी लागली. मग वर्ध्याला जयंतीची आई पडली आणि अंथरुणाला खिळली. भावाचं घर लहान, भावजय नोकरी करणारी. जयंती महिन्याभरासाठी म्हणून गेली आणि वर्षभर अडकली. आईला कुशीवर वळवताना, भरवताना तिचं अर्धं लक्ष जयपूरला असे.

"सोनोग्राफी झाली का हो?" ती फोनवर विचारी.

"झाली ना. सगळं बरोबर आहे. तू मायकडे बघ."

पुढच्या खेपेलाही तेच उत्तर आलं. तिनं विश्वास ठेवला. न ठेवायला तसं कारणही नव्हतं.

आई गेली; तिला पोचवून जयंती परत आली, तेव्हा उमाकांत स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याची पँट कमरेला पट्ट्यानं आवळली होती आणि गालांची हाडं वर आली होती. आल्या आल्या तिनं त्याला सेंटरवर नेलं.

त्या दिवशी डॉक्टर अलका थोडा वेळ बोलल्या आणि मग बोलायच्या थांबल्या. उजव्या बरगडीखाली त्यांचा हात एकाच जागी फिरत राहिला. जयंतीनं पडद्याकडे पाहिलं. तिला राखाडी धुक्याशिवाय काही कळेना, पण डॉक्टरांचा चेहरा तिला कळला.

दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. या वेळी शिरेतून एक औषध सोडलं. त्यात बारीक बुडबुडे असतात, ते रक्ताबरोबर गाठीत शिरतात आणि पडद्यावर चमकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाठ झपकन उजळली. मग हळूहळू विझत काळी पडली, आजूबाजूचं यकृत मात्र अजून उजळ होतं.

"असं विझणं चांगलं नसतं," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या. "गाठ यकृताच्या शिरेतही शिरलीय. मधल्या दोन तपासण्यांचे फोटो आमच्याकडे नाहीत. दुसरीकडे केल्या होत्या का?"

उमाकांत छताकडेच बघत राहिला. त्याचा शर्ट अजून छातीपर्यंत वर होता, तो जयंतीनं खाली ओढला.

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "मी गेलोच नव्हतो."

"काहून?"

"एकट्यानं जायची भीती वाटे. अन् तुले तिकडं एवढं होतं. मयूरीले नको सांगू हे. तिले वाटन, बाप खोटारडा."

जयंतीनं हो म्हणून मान हलवली. तिला त्याला बदडावंसं वाटत होतं आणि त्याच क्षणी उराशी धरावंसंही.

मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. औषधं चालू झाली. त्यामुळे आधी तोंड आलं, मग तळपायाची सालं निघाली. दिवाळीनंतर पोटात पाणी भरायला लागलं.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलेली मयूरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, तू वर्षभर तिकडे राहिलीस. मतलब, बाबांकडे कुणी बघितलंच नाही ना?"

बाहेरच्या खोलीत उमाकांत जागा होता. दार उघडं होतं. जयंती वाट बघत राहिली, की आता तो काही बोलेल. तो बोलला नाही.

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

थंडीत उमाकांत गेला. रेल्वेतली मंडळी आली, बुद्धवंदना झाली, सगळं रीतीनं पार पडलं. क्वार्टर सोडून मायलेकी दुर्गापुऱ्यात दोन खोल्यांत राहायला गेल्या. मयूरी आईशी वाईट वागायची नाही, नुसती कामापुरतं बोलायची.

वडिलांना कॅन्सर झाला म्हणजे मुलीनं आता तपासणी टाळता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जयंतीनं दोनदा वेळ ठरवली. एकदा मयूरीची मीटिंग निघाली. दुसऱ्यांदा ती घरी आल्यावर म्हणाली, "झाली गं. ठीक आहे सगळं."

तिनं हे चपला काढता काढता, खाली मान घालून सांगितलं. जयंतीनं थेट सेंटरवर फोन लावून विचारलं. मयूरी तिकडे फिरकली नव्हती.

"बस इथं," जयंती म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "तुझे बाबाही असंच सांगत होते. मी वर्ध्याहून विचारायची अन् ते म्हणायचे झाली. दोनदा गेलेच नव्हते ते."

मयूरीनं मान वर केली. "आता सांगतेस? ते नाहीत तेव्हा?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"मग सांगायचंच नव्हतंस." ती उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. मागे सेंटरमधला पुकारा ऐकू येत होता. "लिव्हर साफ आहे," ती म्हणाली. "मी तुला काय काय बोलले, आई."

"असू दे."

"पण बाबांचा फोटो बघितला की आता मला रागच येतो. तू सांगायला नको होतंस."

"हो," जयंती म्हणाली. फोन ठेवून तिनं वाळलेले कपडे काढले आणि एकेक करून घड्या घालत बसली.