आजीमार्फत बोलणं

मेहकरजवळच्या एका वृद्धाश्रमात मी आया होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या जोडीची बाई माझ्याच गावची, जानेफळची. आमचं शेताला शेत लागून. त्या साली आमची शेळी तिच्या बीटी कपाशीत शिरली आणि संध्याकाळी तोंडाला फेस येऊन मेली. मी म्हटलं, तुह्या फवारणीनं मेली. ती म्हणाली, मंग बांधून काऊन नाही ठेवली? झालं! अबोला. त्यात एवढ्या महागाच्या बियाण्यालाही बोंडअळी लागलेली, दोन्ही घरांत डोकी तापलेलीच होती. माझं तर जरा जास्तच तापतं.

पण काम जोडीचं. एक आजी अर्ध्या अंगानं लुळी आणि अंगानं भारी. तिची कूस बदलायला दोघी लागत; एकटीनं ओढलं तर लुळा खांदा निखळायची भीती. मग आम्ही तिच्यामार्फत बोलायचो. "आजी, तिले म्हणा, पाय धर." "आजी, तिले सांगा, मले दिसते." आजी मधे पडल्या पडल्या हसायची आणि निरोप पोचवायची.

एका दुपारी मी आजीला वरणात कुस्करलेली पोळी भरवत होते. ती बाई समोरच चादरींच्या घड्या घालत होती. अचानक आजीच्या घशात घास अडकला. खोकलाही येईना. डोळे बाहेर, ओठ काळेनिळे. ती बाई धावत आली आणि खाटेच्या पलीकडे हात पुढे करून उभी राहिली. कुठं धरायचं, ते मी सांगायचं होतं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आजी, तिले सांगा..."

आजी काय सांगणार, कप्पाळ! माझा मलाच असा संताप आला. "अवं, काखेत हात घाल त्यांच्या! उचल!" मी ओरडले.

"धरलं! तू पाठीत मार!"

तिनं आजीला पुढे वाकवून धरलं आणि मी पाठीत थापट्या मारत सुटले. काहीच होईना. गेली म्हातारी, असंच वाटलं. पण त्या बाईनं हात सोडले नाहीत. मग एकदाचा घास बाहेर पडला, आजीनं मोठा श्वास ओढला, आणि आम्ही दोघी रडायलाच लागलो.

त्या दिवसापासून अबोला गेला. कूस बदलताना आमच्या गप्पा सुरू झाल्या. अळी, कापसाचा भाव, सासू, सगळं आजीच्या अंगावरून इकडून तिकडे.

एकदा आजीनं वाकड्या तोंडानं विचारलं, "बाई, तुमी परत कधी भांडसान वं?"

"काऊन, आजी?"

"तवा दोघीबी माह्याशीच बोलत होत्या."