डबांकामामांचा कॉर्डलेस

घानातल्या आमच्या माम्पोंगात माणूस गेला की आधी शवपेटी करणाऱ्याकडे जायचं की डबांकामामांकडे, यावरून घराघरांत वाद व्हायचे. पेटी एक दिवस उशिरा आली तरी चालायची. पण शनिवारी, विधीच्या दिवशी, मामांचे भाड्याचे कर्णे मोकळे नसले, तर अंत्यविधीच पुढे ढकलावा लागे. ज्यानं घरच्यांना मदत दिली, त्याला आपलं नाव मैदानभर ऐकू यायलाच हवं. नाहीतर तो जेवायला थांबत नाही.

मामा उंच, किडकिडीत, बारा महिने सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यात. "रोज कुणीतरी मरतंच, मग बदलू कशाला?" म्हणायचे.

नावं पुकारायला वायरचा माइक पुरत होता. अडचण होती ती आफ्राकोमा आजींची. आजी विलापगीतं गायच्या. आमच्यात कूळ आईकडून चालतं, आणि त्यांच्या घराण्याच्या गाण्यात पार पहिल्या बाईपासून साऱ्या आयांची नावं होती. कोण कुठून आली, कुणाला कुठे पुरलं, सगळं. ते पूर्ण येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. घराण्यातली बाई गेली तरच ते गायचं. एरवी तोंडातून काढलं तर मरणाला आमंत्रण, असं आम्ही मानतो. आजींचा गळा वयानं बारीक झालेला, आणि गाताना त्या पेटीभोवती फिरत, चारी बाजूंच्या लोकांकडे तोंड करून. मामा वायर सांभाळत मागे निघाले की ओरडत, "मला दोरी लावतोस? मी काय शेळी आहे?"

म्हणून मामांनी बिनवायरचा, कॉर्डलेस माइक आणला. कुमासीच्या बाजारात लंडनहून आलेल्या जुन्या मालात चांगले नावाजलेले माइक मातीमोल भावात पडले होते.

"तिकडची चर्च अन् नाटकवाले फेकून देतायत," विकणारा म्हणाला.

"का बरं?"

"गोऱ्यांना कंटाळा येतो, मामा. तुम्हाला माइक घ्यायचाय की चौकशी करायचीय?"

मामांनी घेतला. पुढची काही वर्षं आजी तो हातात धरून राणीसारख्या फिरल्या.

मग रेडिओवर बातमी आली, नव्या मोबाइल नेटवर्कसाठी सरकारनं हवेतल्या रेडिओलहरींचा लिलाव केला. सगळे खूश झाले, मी तर सर्वांत जास्त. माझी लेक सेरवा लांब टमालेला नर्सिंग शिकत होती आणि तिचा फोन अर्ध्या वाक्यात तुटायचा. एकदा "आई, ताप आ..." एवढंच ऐकू आलं आणि मी मिळेल ती बस पकडून टमाले गाठलं. ताप तिच्या मैत्रिणीला होता. त्यामुळे डोंगरावर टॉवर उभा राहायला लागला, तेव्हा मी येता-जाता त्याच्याकडे कौतुकानं बघायची.

त्याच सुमारास आजींची धाकटी बहीण पोकुआ गेली. लांब लांब दिलेल्या घराण्यातल्या सगळ्या मुली विधीला येणार होत्या.

"आजी, तुम्ही नुसतं पुटपुटा," मामा म्हणाले. "शेवटच्या खुर्चीपर्यंत न्यायचं काम माझं."

"ने हं, डबांका. माझ्या मागे हे कुणाला येत नाही. पोरींना एकदा सगळं ऐकू दे."

आदल्या दिवशी मामांनी आपल्या अंगणात माइक तपासला. आवाज खणखणीत. लांब वायरचं वेटोळं त्यांनी खिळ्यालाच राहू दिलं. टॉवर त्याच आठवड्यात सुरू झाला होता, पण त्याचा माइकशी संबंध असेल असं कुणाच्या मनात येणार? मामांचं अंगण डोंगराच्या आडोशाला. विधीचं मैदान मात्र टॉवरच्या थेट समोर.

आजी उभ्या राहिल्या. पहिली काही नावं स्वच्छ आली. मग खरखर सुरू झाली. एक शब्द यायचा, पुढचे चार गिळले जायचे. आजींना कमी ऐकू येई. त्या आपल्या गात, फिरत राहिल्या. मामांनी बटणं फिरवली, बॅटऱ्या बदलल्या. टेबलावरच्या माइकची वायर तिथवर पोचेना. शेवटी कुणाचीतरी मोटारसायकल घेऊन ते घरी पळाले. वेटोळं खांद्यावर टाकून परत आले, तेव्हा आजींनी माइक पेटीवर ठेवला होता.

"ऐकलं ना रे सगळ्यांनी?"

"ऐकलं, आजी," मामा म्हणाले.

टॉवरवर काम करणाऱ्या इंजिनिअरला मामांनी नंतर माझ्यादेखत गाठलंच. तो पोरगा सरळ होता.

"तुमचा माइक ज्या लहरींवर चालतो, त्याच लिलावात गेल्या, काका. लंडनलाही गेल्यात, म्हणून तर हे माइक फेकले तिकडे. खरं म्हणजे आता तुमचाच माइक बेकायदा आहे."

"आमच्याकडे जमीन विकली तर शेजाऱ्यांना बोलावतात, हद्दीवर दारू शिंपडतात, मग सौदा पक्का. हवा विकलीत तेव्हा कुणाला बोलावलंत?"

"पेपरात आलं होतं."

"माइक पेपर वाचत नाही रे," मामा म्हणाले. मला हसू आलं, पण मामा हसले नाहीत.

आजींना खरं काय ते त्यांनीच जाऊन सांगितलं. मी सोबत होते. म्हटलं, "आजी, माझ्या फोनमध्ये गा ना. राहील ते."

"अन् मरायचं कुणी, बाई? तू?" आजींनी माझा हात थोपटला. "आता पुढचं मरण येईल तेव्हा गाईन."

पुढचं मरण त्यांचंच आलं.

त्या दिवशी मामांनी कॉर्डलेस आणलाच नाही. लांब वायर त्यांनी मैदानाच्या चारी बाजूंना पुरेल अशी मोकळी करून ठेवली. आजींची नात आन्सा पोकुआच्या विधीला पहिल्या रांगेत बसली होती. तिला जेवढं ऐकू आलं होतं, तेवढं ती गायला लागली. वायरचा एकेक वेढा सोडत मामा तिच्या मागून चालत होते. तिनं त्यांना शेळीवरून काही म्हटलं नाही.

माझा फोन वाजला. सेरवाचा व्हिडिओ कॉल. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि जेवतेस का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं.

"आई, आजींचं गाणं ऐकव ना. सुरू झालं का?"

मी फोन वर धरला. आन्सा पेटीच्या दुसऱ्या बाजूला पोचली होती. ती थांबली, ओठ हलवले, आणि मग तिनं मामांकडे पाहिलं. मामा हातात वायर घेऊन तसेच उभे होते.

"येतंय का ऐकू?" मी विचारलं.

"अगदी स्पष्ट येतंय, आई," सेरवा म्हणाली. "पण कुणी गातच नाहीये."