वडिलांपासून लपवलेलं मत

१९६६ साली तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि समुद्रालगतच्या वसाहतीत अमेरिकन इंजिनियर कुटुंबांसह राहत होते. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोला मी मराठी शिकवायचे. मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची, बोईसरच्या शाळेत मास्तरीण. बाई पन्नाशीच्या. मुलं मोठी होऊन तिकडेच राहिलेली. बाजारात जाऊन स्वतःच्या तोंडाने पापलेटाचा भाव पाडायचा, एवढ्यासाठी त्यांना मराठी हवं होतं. कोळणींनी त्यांना भाव शेवटपर्यंत पाडू दिला नाही, पण मराठी बऱ्यापैकी आलं. निम्मं माझं मोडकं इंग्रजी आणि निम्मं त्यांचं मोडकं मराठी, यावर आमचं छान जमलं.

त्या नोव्हेंबरात एका शनिवारी गेले तर बाईंचा चेहरा उतरलेला. तिकडे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावरच्या निवडणुका झाल्या होत्या आणि त्यांच्या पक्षाने बऱ्याच जागा घालवल्या होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळेना, तेव्हा त्यांनी माझ्याच वहीत एक गाढव आणि एक हत्ती काढला. गाढव ही उदारमतवाद्यांची खूण. सरकारने गरिबाच्या, कामगाराच्या पाठीशी उभं राहावं असं म्हणणारे ते. हत्ती जुन्या वळणाच्या लोकांचा. सरकारने फार मध्ये मध्ये करू नये, ज्याचं त्याने बघावं, असं त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांपूर्वी गाढवाने हत्तीला पार लोळवलं होतं आणि आता लोक पुन्हा हत्तीकडे वळायला लागले होते.

"पण गाढवाला मत देतं कोण?" मी विचारलं. "आमच्याकडे हत्ती उभा राहिला तर लोक त्याला हार घालून, नारळ फोडून निवडून आणतील."

बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "माझा बाबा देतो. मी पण देते."

त्यांचे वडील पोलादाच्या कारखान्यात कामगार होते. मंदीच्या वाईट दिवसांत कारखाना बंद पडला, घरात खायला नव्हतं, तेव्हा गाढवाच्या पक्षाच्या सरकारने त्यांना काम दिलं. त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाची तसबीर त्यांनी स्वयंपाकघरात येशूच्या शेजारी लावली, ती अजून तिथेच होती. मला यात काही नवल वाटलं नाही. बोईसरजवळच्या माहीम गावी आमच्या ओटीवरही देवांच्या रांगेत दोन पुढारी होतेच. माझे वडील बेचाळीस साली झेंडा घेऊन निघाले, लाठी खाल्ली, आठ महिने तुरुंगात काढले. आमच्या घरातली मतं बैलजोडीची, हे आमच्या वाडीतल्या पिढीजात पानवेलींइतकंच ठरलेलं. मतदानाच्या दिवशी वडील पुढे, मागून काका, काकू, आई, अशी वरातच निघायची आणि शिक्का कुठे मारायचा ते वडील वाटेत पुन्हा एकदा सांगायचे. आईला तर ते बोटाने हवेत चौकोन काढून दाखवायचे.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत त्या वरातीत मी पहिल्यांदा सामील झाले आणि पडद्याआड जाऊन समाजवाद्यांच्या झोपडीवर शिक्का मारून आले. माझ्या वर्गातली पाड्यावरची पोरं दुपारी रिकाम्या पोटी बसायची. बैलजोडीचा एकही पुढारी त्या पाड्यावर मी पाहिला नव्हता. झोपडीवाले निदान येऊन बसत, चौकशी करत. एवढं साधं कारण होतं. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "नीट मारलास ना?" मी म्हटलं, "हो." खोटं काहीच बोलले नव्हते, असं मी स्वतःला समजावलं. अशी समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

अडुसष्ट साल उजाडलं आणि बाईंचं सगळं विस्कटलं. गाढवाच्या पक्षाचं सरकार दूरवर एक युद्ध लढत होतं आणि त्यांच्या भावाच्या मुलाला त्यात धाडलं होतं. तिकडच्या शहरांत जाळपोळ चालली होती. त्यांच्या गावाहून पत्रं येत, त्यात हेच असायचं. ज्या गल्लीत बापजाद्यांपासून सगळी घरं गाढवाची, तिथले कामगार आता उघडपणे हत्तीचं नाव घेत होते. चार वर्षांत माणसं इतकी बदलतात? मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मी बदलले, का पक्ष बदलला, मला कळत नाही."

त्यांची मतपत्रिका टपालाने आली. एका बुधवारी मी शिकवायला गेले तेव्हा टेबलावर दोन लिफाफे होते. एकात मत, हत्तीला दिलेलं. ते पाकीट बंद झालं होतं. दुसऱ्यात वडिलांना लिहिलेलं पत्र, आपण असं का केलं ते सांगणारं. हे पाकीट उघडंच होतं. वडील ऐंशीच्या पुढचे, छातीचं दुखणं असलेले. पाठवू का नको, हे बाई मला, निम्म्या वयाच्या पोरीला, विचारत होत्या.

मी क्षणभरही विचार केला नाही. "अजिबात पाठवू नका," मी म्हटलं. "मत गुप्त असतं ते कशासाठी? म्हाताऱ्या माणसाला उगाच त्रास. मी नाही का, झोपडीला मत दिलं आणि वडिलांना पत्ताही लागू दिला नाही!" हे मी फुशारकीने सांगितलं. वडिलांशी कसं वागावं, यातली मी जणू त्यांचीही मास्तरीण. बाईंनी पत्राची घडी घातली आणि ते शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं.

हत्ती जिंकला. डिसेंबरात बाईंच्या वडिलांचं पत्र आलं. जानेवारीत, शाळेला संक्रांतीची सुट्टी होती त्या दिवशी, ते गेल्याची तार आली.

मी भेटायला गेले तेव्हा बाई रडत नव्हत्या. त्यांनी ते शेवटचं पत्र मला वाचून दाखवलं, सावकाश, मला कळावं म्हणून. सगळी गल्ली फिरली, वडिलांनी लिहिलं होतं. तुझा भाऊसुद्धा फिरला, माझ्या तोंडावर सांगून गेला. मी त्याच्याशी भांडलो आणि दुसऱ्या रविवारी त्याच्याकडेच जेवलो. पण तू आणि मी, आपण दोघं राहिलो. तू असल्यामुळे मला एकटं वाटत नाही.

बाईंनी पत्र खाली ठेवलं. "हे पत्र मला नाही," त्या म्हणाल्या. "बाबाने दुसऱ्या मुलीला लिहिलं. गाढवाला मत देणारी. ती मुलगी मी नाही."

त्यांनी मला बोल लावला नाही. एकदा जरी म्हणाल्या असत्या की तुझं ऐकलं म्हणून, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा दिला, माझ्या आईची विचारपूस केली. भाऊ वडिलांशी भांडला आणि वडील त्याच्याकडेच जेवले, आणि बाईंच्या वाट्याचं ते भांडण मी हिरावून घेतलं होतं. बसमध्ये मला स्वतःची फार लाज वाटली.

त्या रविवारी सकाळी वडील ओटीवर विड्याची पानं निवडत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि एका दमात सांगून टाकलं, "बाबा, सदुसष्टला मी बैलजोडीवर शिक्का नाही मारला. झोपडीवर मारला."

त्यांचा हात थांबला. ते आरडाओरडा करतील, म्हणून मी पाड्याचं, उपाशी पोरांचं सगळं तयार ठेवलं होतं. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"दोन वरसं झाली," ते म्हणाले. "तवाच का नाय सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कुनाची?"

"तुमची."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो तिथे नव्हता. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. तिथे आई येऊन उभी होती, हात पिठाचे.

"आनि तुला गो?" त्यांनी विचारलं. "तुला पन माजी भीती वाटते?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. मग पिठाच्या बोटाने तिने हवेत एक चौकोन काढला, ते तिला दाखवायचे तसाच.